नळाला बांधलेलं रेशीम

मला स्वस्थ बसता येत नाही. हा दोष लहानपणापासूनचा. दिवा लुकलुकला की माझं जेवण सुटतं, पंखा कुरकुरला की झोप. बायको म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी आहे, पण ती घरातल्या घरातच फिरते." नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीसाठी आम्ही साताऱ्याहून बेंगळुरूला आलो आणि बनशंकरीत एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. तिथे या भिंगरीला रान मोकळं मिळालं.

घरमालक खालीच राहायचे. त्यांचं कुटुंब तीन-चार पिढ्यांपासून बेंगळुरूत होतं. घरात मराठी बोलायचे, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिला महिनाभर मी नुसता मान हलवायचो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही. माणूस सरळ होता, फक्त विजेच्या बाबतीत बेफिकीर. घराच्या भिंतींतून दोनच वायरी फिरवलेल्या. तिसरी, अर्थिंगची, कुठल्याच सॉकेटला नव्हती. अर्थिंग म्हणजे यंत्रातून गळणाऱ्या विजेला जमिनीत जायला दिलेली वाट. ती नसली तर वीज माणसातून वाट काढते. मी अण्णांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं काय नाही झालं की हो. स्वल्प जपून वापरा, बस."

जपून वापरणं माझ्या स्वभावात नव्हतं; दुरुस्त करणं होतं. मी कारखान्याच्या ऑफिसात नकाशे काढणारा माणूस, वीज माझा धंदा नव्हे. पण एक जाडजूड पुस्तक आणलं, इथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून टेस्टर, पक्कड आणि चांगली जाड वायर आणली आणि स्वतःपुरते नियम केले. मेन स्विच बंद केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कुणी चालू करणार नाही. पायात रबरी चपला, खाली लाकडी पाट. अंघोळीला जाण्याआधी गीझर बंद. हे नियम मी घरच्यांना पाढ्यांसारखे म्हणायला लावायचो.

मग मी गीझरला अर्थिंग दिलं. कसं, तर बाथरूममधल्या लोखंडी पाइपला. तो पाइप गच्चीवरच्या टाकीतून निघून आमच्या बाथरूम आणि स्वयंपाकघरातून खाली अण्णांकडे आणि तिथून थेट जमिनीत जात होता. लोखंड जमिनीत गेलेलं, म्हणजे वाट तयारच. पाइप घासून चकचकीत केला, पट्टी आवळली, वायर जोडली. मग सगळ्यांना नळापासून लांब उभं करून परीक्षा घेतली: बल्बची एक वायर विजेच्या जिवंत तारेला, दुसरी अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला. मी त्या दिवशी घरभर असा फिरलो की जणू बेंगळुरूला वीज मीच आणली. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हेच.

पुढच्या वर्षी वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. तिच्याबरोबर तिचं सोवळंही आलं. पहाटे पहिली अंघोळ तिची. मग ओलेत्यानं, अनवाणी स्वयंपाकघरात जायची, नळाचं पाणी कळशीत भरायची, देवपूजा आणि नैवेद्याचा भात उरकेपर्यंत कुणाला शिवायची नाही. तोवर आम्ही कुणी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. चपला घालून तर कधीच नाही. ती पाणी भरत असताना बायकोच्या अंघोळीसाठी गीझर परत लावलेला असायचा. घरात सगळं सुरळीत होतं आणि त्याचाच मला कंटाळा यायला लागला होता.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी आई म्हणाली, "अरे, स्वयंपाकघरातला नळ चावतोय."

"चावतोय म्हणजे?"

"मुंग्या येतात हाताला. पार कोपरापर्यंत."

ऑफिसातून आल्या आल्या टेस्टर घेऊन नळ तपासला. काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. काही नाही. तिसऱ्या दिवशी आई पुन्हा म्हणाली, आज जास्त चावला. मला बसवेना, उठवेना. ऑफिसात नकाशावर रेघ मारताना आईचा हात डोळ्यांपुढे यायचा. रविवारी सकाळी लवकर उठलो. ती पूजेत असल्यामुळे स्वयंपाकघर बंद, म्हणून बाथरूमचा नळ तपासला. पाइप एकच, म्हणजे एकीकडे असेल ते दुसरीकडेही असणार. गीझर चालू होता. पायात रबरी चपला, खाली लाकडी पाट, सगळे नियम पाळून टेस्टर नळाला लावला. झरोक्यातून ऊन थेट टेस्टरवर येत होतं. दिवा पेटलेला दिसला नाही. आता वाटतं, अंधुक पेटला असेल. मला तो पाहायचा नव्हता. मग बोटांच्या मागच्या बाजूने नळाला हात लावून पाहिला. काहीच नाही.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच श्वासात एक मूर्खपणा केला. आईला म्हणालो, "नळात काही नाही. तुला साखर आहे ना? त्यानं हाताला मुंग्या येतात."

आई म्हणाली, "मग नळालाच हात लावल्यावर का येतात?"

"थंड पाण्यानं," मी ठोकून दिलं.

तिला मल्लेश्वरमच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचे हात दाबून पाहिले, सुई टोचून पाहिली आणि ताकदीच्या गोळ्या आणि पाच इंजेक्शनं लिहून दिली. आईनं पाचही मुकाट घेतली. नंतर तिची तक्रार थांबली. मी बायकोला दोनदा सांगितलं, बघ, औषध लागू पडलं. तरीही मनात काहीतरी सलत होतं. रात्री जेवल्यावर मी विनाकारण मेन स्विचपाशी जाऊन उभा राहायचो. वास घ्यायचो, हाताने फ्यूजची डबी गरम आहे का पाहायचो. मी केलेलं काम मीच तपासायचो आणि मीच पास करायचो.

एका मंगळवारी आई शेजारच्या बाईंबरोबर देवीला गेली होती. मी प्यायला पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि थबकलो. नळाच्या मुठीवर जुन्या सोवळ्याच्या रेशमी लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. वरून दोऱ्यानं घट्ट बांधलेली. खाली तोटीलाही तशीच एक.

आधी वाटलं, काहीतरी सोवळ्यातलंच असेल. रेशीम विटाळत नाही म्हणतात. बायकोला विचारलं.

ती म्हणाली, "तीन आठवडे झाले. आई रोज पहाटे कोरडी चिंधी बांधतात, पूजा झाली की सोडतात; आज देवीच्या घाईत राहिली. त्याशिवाय नळाला हात लावत नाहीत."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणालात ना, नळात काही नाही. आई म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, तो परत डॉक्टरकडे नेईल."

मी तिथेच खाली बसलो. कोरडं रेशीम वीज अडवतं, हे माझ्या जाडजूड पुस्तकात बाविसाव्या पानावर होतं. आईनं ते पुस्तक उघडलंही नव्हतं. साखरेनं हाताला मुंग्या येत असत्या, तर चिंधीनं त्या थांबल्या नसत्या. तीन आठवडे ती माझ्या नळाशी एकटी झुंजत होती आणि मी शेखी मिरवत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बायकोला बाहेर काढलं, खालच्यांनाही नळाला हात लावू नका म्हणून ओरडून सांगितलं आणि पूर्वीसारखाच बल्ब लावला. एक वायर जिवंत तारेला, दुसरी अर्थिंगला. बल्ब पेटला नाही. बल्ब बदलला, तरी नाही. माझं अर्थिंग मेलं होतं. मेन बंद केला, फ्यूज खिशात घातला आणि जिन्याच्या बाजूनं पाइप बघत खाली उतरलो. अण्णांच्या न्हाणीघराच्या भिंतीपाशी लोखंड संपलं होतं. पुढे थेट जमिनीपर्यंत नवा कोरा प्लास्टिकचा पाइप होता.

अण्णा बाहेर आले. "काय झालं हो?"

"हा पाइप कधी बदललात?"

"झाले की दोन-अडीच महिने. पूर्ण गंज खाल्ला होता. तुम्हाला सांगितलं नव्हतं का? खालचा पाइप काढून प्लास्टिकचा घालतो म्हणून. तुम्ही सरी, सरी म्हणत स्कूटर काढलीत."

सांगितलं होतं. मला लख्ख आठवलं. मी हो म्हणालो होतो आणि जाताना डोक्यात ऑफिसातला नकाशा होता. गीझरमधून गळलेली वीज माझ्याच वायरीनं पाइपात उतरत होती आणि पुढे वाट नाही म्हणून घरातल्या प्रत्येक नळात तुंबून बसत होती. गीझर चालू असेल तेव्हाच. तो बंद करून अंघोळ केल्यामुळे आम्ही वाचलो. गीझर चालू असताना ओल्या लुगड्यात, ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली घरात एकच व्यक्ती होती. मी चपला घालून, पाटावर चढून तपासत होतो. माझे नियम मला वाचवत होते आणि मला खोटं सांगत होते.

या वेळी मी पक्कड हातात घेतली नाही. शिवाजीनगरहून परवाना असलेला एक म्हातारा वायरमन बोलावला. त्यानं माझी पाइपावरची चकचकीत पट्टी पाहिली आणि मान हलवली. "नल के पाइप कू अर्थिंग नक्को साब. पाइप पानी का है, आज है, कल नहीं." त्यानं अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरून त्यात नळी पुरली, वर पाणी ओतलं, तिथून वेगळी जाड वायर वर आणली. गीझरची तडकलेली कॉइल बदलली. पुन्हा बल्ब लावला. तो लख्ख पेटला, पण या वेळी मला आनंद झाला नाही. मी त्याला तो आणखी दोनदा लावायला लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईची अंघोळ झाली. गीझर मुद्दाम चालू ठेवला होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"आई, ती चिंधी सोड आता. नळ नीट झालाय."

आई ओलेत्यानं, कळशी घेऊन नळापाशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"मागेही असंच म्हणाला होतास," ती म्हणाली. "चपला काढ. पाय ओले कर. आणि आधी तू लाव हात."

"तुझं सोवळं मोडेल."

"मोडू दे. मी परत अंघोळ करीन."

मी चपला बाहेर काढल्या. तिनं तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं. थंड फरशीवर उभं राहून मी चिंधीचा दोरा सोडवला. गाठ लवकर सुटेना. बल्ब तीनदा पेटलेला मी स्वतः पाहिला होता. तरी नळाला हात लावायची माझी छाती होईना. आई माझ्या शेजारी उभी होती. तीन आठवडे तिनं रोज पहाटे अशाच ओल्या पायांनी, नुसत्या चिंधीच्या भरवशावर या नळाला हात लावला होता, आणि तेव्हा बाहेर कुणी उभं नव्हतं.

मी नळ पकडला आणि फिरवला. पाणी आलं. हाताला लागला तो नुसता पाण्याचा गारवा.

आईनं कळशी खाली लावली. "बरं," ती म्हणाली, "आता सर बाजूला."