दौलतच्या निगेटिव्हवरचं नाव

दौलत गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, सुनंदाने, केला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मला आधी दुःख झालं नाही. आता तो विचारणार नाही, हे मनात आलं. मग एका श्रद्धांजलीत वाचलं, की सेलूच्या या नामांकित फोटोग्राफरला तरुणपणी त्याच्याच गुरूने फसवलं होतं. दौलतही आयुष्यभर तेच सांगत आला. ते खरं नाही. त्या गुरूने, मारोतरावांनी, कुणालाही फसवलं नव्हतं. त्यांचे नातू आजही सेलूत राहतात, म्हणून हे लिहितो आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझा मित्र दौलत सेलूच्या बाजारात मारोतरावांच्या स्टुडिओत काम शिकत होता आणि मी वर्ध्याला वसतिगृहात राहून शिकत होतो. तिथल्या एका मंडळाने तरुणांसाठी फोटोंची स्पर्धा ठेवली. मी स्वयंसेवक. फोटोसोबत निगेटिव्हही जमा करायची, असा नियम होता. सेलूच्या स्टुडिओत मी तो सांगताच दौलतच्या कपाळाला आठी पडली.

"निगेटिव्ह काऊन पायजे बे त्याईले?"

"नियम आहे."

"बैल पाहाले येते अन् दावं सोडून नेते, असं दिसून राह्यलं मले."

मारोतराव हसले. "शंका असंन तर नाव टाक पोरा. पण असं टाक, का कोणाले कापता आलं नाई पायजे."

फोटो दौलतच्या धाकट्या बहिणीचा होता. कापूस वेचताना भरलेली ओटी सावरत कमल खळखळून हसली होती. दौलतने कडेला नाही, तिच्या पायाजवळच्या काळ्या मातीत नाव घातलं. निगेटिव्हवर शाईने, उलट्या अक्षरांत, म्हणजे छापल्यावर ते पांढरं आणि सुलटं उमटे. मारोतरावांनी निगेटिव्ह पाकिटात घालून माझ्या हाती दिली.

मंडळाचे सचिव म्हणाले, "नाव दिसलं तर परीक्षक ओळखीच्यांना झुकतं माप देतात. पुसून टाक." मला ते न्यायाचंच वाटलं. फोटोवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि निगेटिव्हवरची शाई ओल्या कापसाने पुसली. परीक्षक निगेटिव्ह बघणारच नव्हते, मग ती कशाला पुसायची, हे तेव्हा सुचलं नाही... की सुचलं होतं?

बक्षीस मिळालं नाही. निगेटिव्ह "गहाळ झाली". पुढच्या दिवाळीत एका बियाणे व्यापाऱ्याचं कॅलेंडर निघालं आणि चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत कमल भिंतीभिंतीवर हसू लागली. पायाजवळची माती कोरी होती. "बहीण बजारात टांगली रे तू!" म्हणत बापाने दौलतला अंगणात मारलं. कमलचं शेतात जाणं बंद झालं.

दौलत सायकल मारत माझ्याकडे आला. "खरं सांगजो, गजा. मारोतरावनं पाकीट देल्लं तवा नाव होतं का नाई?"

वसतिगृहातली माझी जागा सचिवांच्या शब्दावर होती आणि ते शेजारच्याच खोलीत बसले होते. मी म्हणालो, "नव्हतं."

त्याने सायकल सेलूकडे वळवली. मग भर बाजारात मारोतरावांच्या दुकानासमोर उभा राहून ओरडला. म्हातारा एवढंच म्हणाला, "मले पुसाचंच असतं, तर तुले टाकाले कायले सांगतलं असतं?" मारोतरावांचं कुणी ऐकलं नाही. लग्नासाठी मुलींचे फोटो काढायला लोक त्यांच्याकडे येईनासे झाले, आणि काही वर्षांतच दुकान बंद पडलं.

पुढे दौलतने स्वतःचा स्टुडिओ काढला. त्याने निगेटिव्ह कधी कुणाच्या हाती दिली नाही. लग्नघरचे लोक भांडले तरी नाही. कुठे स्पर्धा असली की दाराशी उभा राहून पोरांना सांगायचा, "फोटो द्या, निगेटिव्ह घरी ठेवा." आयोजक त्याला संशयी म्हणत. मलाही तेच सोयीचं होतं.

गेल्या हिवाळ्यात भेटायला गेलो तेव्हा तो अंथरुणावर होता. माझा हात हातात घेऊन बोटांकडे बघत राहिला.

"ओला कापूस असंन, नाई?"

"काय रे?"

"काई नाई. चहा घे."

मी चहा घेतला. त्याला कळलं होतं का? कळलं असेल तर कधी? आणि मग मारोतरावांचंच नाव का घेत राहिला? दोघांपैकी एकालाच गमावणं त्याला झेपत असावं, असं वाटतं... की तसं मानणं मला बरं पडतं?

परवा सुनंदाने त्याची अंधारखोली उघडून दाखवली. गिऱ्हाईक जिथे कधी पोचत नसे, त्या आतल्या भिंतीवर एकच फोटो होता. भांग पाडलेला, हसू दाबून उभा असलेला सतरा-अठरा वर्षांचा दौलत. काचेवर धूळ नव्हती. "हा बाबा स्वतः पुसत," सुनंदा म्हणाली. फोटोच्या खालच्या कडेला पांढरी अक्षरं होती : मारोतराव, सेलू.

तोच फोटो या लेखासोबत दिला आहे. संपादकांना सांगितलं आहे, जागा कमी पडली तर माझा मजकूर कापा, फोटोची खालची कड कापू नका.