माझी फुटबॉल लिली

माझ्या थोरल्या जावेच्या माहीमच्या वाडीत सुपारीखाली जे लावाल ते येतं. सोनटक्का, नेचे आणि आगोटीला, पावसाच्या तोंडावर, लालभडक फुटबॉल लिली. तिच्याकडं गेलं की सगळे आधी मागच्या दारी जातात, चहा नंतर. बोईसरला माझ्या घरामागे मात्र दुपारभर ऊन तळपतं. मला तिचा हेवा वाटायचा, अजून वाटतो. एकदा तरी तिनं माझ्याकडं काहीतरी बघायला यावं, एवढंच मला हवं होतं.

तिच्याकडं कंद मागणं माझ्यानं होईना. नर्सरीतून एक विकत आणला, कुंडीत लावला, हिरवी जाळी बांधून सावली केली. थंडीत लिलीची पानं जातात, कंद झोपतो, हे ठाऊक होतं. तरी येता-जाता माती चाचपायचे. त्यात या संक्रांतीला जावेनं हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटावं? लिलीचे कंद! मी वाटले होते प्लॅस्टिकचे डबे. बायका कितीतरी दिवस तिचंच कौतुक करत होत्या. माझ्या वाट्याचा कंद मी शेजारणीला देऊन टाकला.

आणि यंदा माझ्याकडं कळी आली. मी लगेच जावेला फोन केला, "ताई, रविवारी याच." शनिवारी फुलाचा गोळा पूर्ण उमलला. रविवारी सकाळी बघते तर कुंडीत नुसता दांडा. फूल देवघरात! आमच्याकडं राहणाऱ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पयलं फूल देवाचं. तुला माहीत नाय?" मला रडूच कोसळलं.

जाऊ आली. देवापुढं वाकून तिनं फूल निरखलं, मग मागे जाऊन दांडासुद्धा बघितला. "आमच्याकडं यंदा एक बी नाय आलं गं," ती म्हणाली. "सगळे कंद वाटून बसले. माझ्यासाठी एक बी ठेवला नाय."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाले. ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "तुझ्या कंदाला पिल्लू फुटलं की मला देशील?"

"देईन की," मी म्हटलं. ती मागत होती, माझ्याकडं! पण गॅस पेटवता पेटवता तिची ती सुपारीखालची ओली, काळी माती डोळ्यांपुढं आली. माझं पिल्लू तिथं माझ्यापेक्षा चांगलं फुलणार होतं, आणि ते बघायला सगळ्यांच्या आधी मीच जाणार होते.