चिटकवलेला हात

अगं अगं म्हणेस्तोवर माझ्या पोरीनं मालकीणकाकूच्या देवघरातला मातीचा बाळकृष्ण फरशीवर टाकला अन् त्याचा हातच निखळला. काकू बाजारात होत्या. भाड्याची खोली जाईल म्हणून मी फेविक्विकनं हात चिटकवून मूर्ती जागेवर ठेवली. काकूंनी येऊन आजारी लेकासाठी त्या मूर्तीपुढंच डोकं टेकवलं. फुटलेला देव पुजत नाय, मला ठाऊक होतं. पुढं लेणी बघायला गेलो, नाकं फुटलेल्या मूर्त्या दाखवत गाईड म्हणला, "हे मूर्तिभंजकांचं काम. जुन्या काळी देव फोडणारे सरदार." मी इचारलं, "फोडून लपवायचे व्हय?" "लपवायचे कशाला ताई, मिरवायचे!" मी तर लपवलं. काकू अजून रोज त्या हाताला लोणी लावतात, लेक तसाच अंथरुणात. तुमी माझ्या जागी असता तर सांगितलं असतं का ओ?