उस्तादांकडे ठेवलेली पत्रं

नोकरीतल्या बहुतेक केसेस मी निवृत्तीच्या दिवशी पोलीस ठाण्यातच ठेवून आलो. ही एक मात्र पुंडलिकनगरच्या घरापर्यंत माझ्यामागं आली. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्या बादशहाची ती पत्रं होती, त्याचंही नाही. त्याचं नाव निघालं की आपल्या शहरात लगेच दोन बाजू पडतात, आणि मला भांडण लावायचं नाही.

दुपारची वेळ होती. दौलताबादकडचे एक म्हातारे जमीनदार ठाण्यात आले. गाव त्यांना नाना म्हणायचं. बरोबर तावातावानं बोलणारा पुतण्या होता. नानांच्या घरात पिढ्यानपिढ्या काही फारसी पत्रं जपलेली होती. त्यांचा एक पूर्वज किल्ल्यावर कारभारी होता, आणि बादशहा सुभ्यांच्या दौऱ्यावर असताना मुक्कामावरून त्याला लिहायचा. रस्ते वाहून गेलेत, घोड्यांना वैरण पुरत नाही, छावणीवर आंबे पाठव, असला मजकूर. एका पत्रात मात्र विचारलं होतं, तुझा मुलगा आजारी होता, तो आता कसा आहे?

"मुलखाचा मालक माणूस, साहेब," नाना म्हणाले, "पर आमच्या लेकराची चौकशी केली त्यानं. आमच्या घरात दुसरं काय हाय सांगण्यासारखं?"

ही पत्रं नानांना वाचून दाखवायचे ते मुकुंदवाडीत राहणारे एक फारसीचे शिक्षक. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. दोघांची जुनी दोस्ती. कागदांना कसर लागली तेव्हा उस्तादांनी ते दुरुस्तीसाठी स्वतःकडं ठेवून घेतले, आणि काम अर्धवट असतानाच ते वारले. चाळिसाव्या दिवसाचे विधी होऊन गेल्यावर नानांनी उस्तादांच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, अब्बांकडं तुमचं काहीच नव्हतं.

पावती आहे का, असं मी विचारलं. नाना माझ्याकडं बघतच राहिले. "उस्तादाकडून पावती घ्यायची व्हय?"

विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला. मुलाला नोटीस देऊन बोलावलं. वाळूजच्या एका कंपनीत तो मशीनवर कामाला होता. शिक्षण मराठी शाळेत झालेलं, त्यामुळं बापाची फारसी त्याला वाचता येत नव्हती. माणूस सरळ वाटला, पण सरळ वाटणाऱ्यांनी मला नोकरीत बरंच फिरवलं होतं, म्हणून मी चेहऱ्यावर जात नसे. घरझडतीत काही मिळालं नाही. उस्तादांच्या विधवा पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नानांची पेटीबिटी या घरात कधी आलीच नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. शाही पत्रं म्हणजे मोठी मोहोर, पेटी, मखमल असंच काही त्यांच्या डोळ्यांपुढं असावं.

मग आमच्या एका खबऱ्यानं टीप दिली. जुनी नाणी, पितळी भांडी विकणाऱ्या एका दुकानात उस्तादांचा मुलगा दोन-तीनदा दिसला होता. जुन्या कागदांबद्दल बोलत होता म्हणे. आता काय राहिलं? मी त्याला अटक केली आणि समोर बसवून दुकानाचं नाव घेतलं.  तो लगेच म्हणाला, "होय साहेब. मीच विकली."

कुणाला विकली? अनोळखी माणसाला. कुठं? रस्त्यावर. तो माणूस दिसायला कसा होता? आठवत नाही. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, माल हस्तगत करावा लागतो. इथं तर कबुली घाईघाईनं पुढं केलेली आणि मालाचा पत्ता नाही. चोर अगोदर माल दडवतो आणि अगदी गळ्याशी आल्यावर कबूल होतो. याचं सगळं उलटं चाललं होतं.

त्यातच त्याच्या आई ठाण्यात आल्या. मुलानं कबुली दिल्याचं शेजाऱ्यांकडून कानावर गेलं होतं. ठाणे अंमलदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. डबा आणला असेल असं मला वाटलं. हात रिकामे होते.

"साब, इसके अब्बा ने लोगां की सुई भी नई रखे कब्बी," त्या म्हणाल्या. "अमानत खाया इने. मेरे घर का खाना इसको नको देव."

कोठडी चार पावलांवर होती. त्याला हे सगळं ऐकू गेलं. तो गजांना धरून नुसता उभा होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. आईनं इतकं बोलल्यावर निर्दोष माणूस ओरडला असता आणि दोषी माणूस रडला असता. याला नेमकं काय झालं होतं तेच मला कळेना.

मी स्वतः त्या दुकानात गेलो. दुकानदार घाबरलेला होता, पण बोलला खरं. तो पोरगा विकायला आलाच नव्हता, साहेब. विकत घ्यायला आला होता. जुने फारसी कागद मिळतील का, पगारातून थोडे थोडे देईन, असं विचारत होता.

ज्यानं पत्रं विकली तो दुसरी पत्रं शोधत कशाला फिरेल? ठाण्यात परत येऊन मी त्याला कोठडीबाहेर काढलं, सगळ्यांना खोलीबाहेर पाठवलं आणि एवढंच विचारलं, "कुणाला वाचवतोयस?"

तेव्हा तो फुटला. उस्तादांनी ती पत्रं हिरव्या कापडी वेष्टनात ठेवली होती, ज्यात घरोघरी कुराण ठेवतात तसल्या. चाळिसाव्यानंतर आईनं फळी आवरली. वेष्टनात कसर लागलेली, तुकडे पडत चाललेली पानं निघाली. प्रत्येक पानावर वर अल्लाचं नाव. ते तेवढं तिला ओळखता येत होतं. आपल्याकडं जीर्ण पोथी वाहत्या पाण्यात सोडतात, तसं त्यांच्यात अशी पानं पायाखाली येऊ नयेत म्हणून पाण्यात सोडतात. ठंडी करतात म्हणतात. आईनं वुजू केलं, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुतले, पदर सावरला, बोचकं मांडीवर घेऊन ती त्याच्याच मोटारसायकलवर बसली. शहराबाहेरच्या एका दर्ग्यामागं विहीर आहे. तिथं दगड बांधून तिनं ते हलकेच पाण्यात सोडलं आणि नवऱ्यासाठी दुआ मागितली.

नाना पत्रं मागायला आले, तेव्हा त्याला सगळं समजलं. निदान तसलेच जुने कागद नानांना द्यावेत म्हणून तो त्या दुकानात खेटे घालत होता.

"अम्मीला कळलं तर ती मरून जाईल, साहेब," तो म्हणाला. "अब्बांकडं विश्वासानं ठेवलेली अमानत स्वतःच्या हातानं बुडवली असं नको वाटायला. मला चोर म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन विहिरीवर गेलो. गळाला बोचकं लागलं. आत लगदा होता. वेगळी करता आली ती दोन-तीन पानं पांढरीफटक होती, शाई पाण्यात निघून गेलेली. पंचनाम्यात मी "मजकूर नाही" असं लिहिलं.  नानांना बोलावून ती पानं दाखवली आणि सगळं सांगितलं. पुतण्या भडकला. नानांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. एक पान उचलून त्यांनी उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं.

"पोरगं सुटलं का?" त्यांनी विचारलं.

सुटणार, मी म्हणालो. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असा ‘क’ समरीचा अहवाल कोर्टात जाईल. पण घरी तो चोरच राहणार. त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा आईला दाखवायचा, तर तिच्या हातून काय झालं ते सांगावं लागेल.

नाना म्हणाले, "मला तिच्याकडं घेऊन चला."

मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत मी दाराशी उभा राहिलो. मुलगा भिंतीला टेकून होता. नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"भाभी, कागद सापडले. माझ्याच घरी होते, माळ्यावर. म्हातारपणी ध्यानात ऱ्हात नाय. उस्तादांनी कवाच दिले व्हते परत. तुमच्या पोरानं मार बसंल म्हणून भिऊन कबूल केलं."

बाईंनी आधी मुलाकडं पाहिलं. त्याचं डोकं छातीशी धरलं. मग नानांकडं वळल्या, आणि जे बोलायला लागल्या ते थांबेनात. तुम्ही बडे लोक. मय्यत झालेल्या दोस्ताचं नाव खराब केलं. माझ्या तोंडून माझ्या बच्च्याला खाना बंद करवलात. अल्ला तुम्हाला विचारेल. नाना हात जोडून उभे होते. घरातली एकुलती एक अभिमानाची वस्तू गेली होती, आणि ती जिच्या हातून गेली तिच्याच शिव्या ते खाली मान घालून ऐकत होते. मला ते बघवेना. मी बाहेर येऊन जीपपाशी उभा राहिलो आणि डोळे पुसले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

माणूस खोटं बोलतो ते स्वतःची कातडी वाचवायला, याच हिशोबानं आम्ही खात्यात वाढलेलो. त्या केसनंतर कुणी पटकन कबूल झाला की मी आधी त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारू लागलो. दरवेळी काही निघायचं असं नाही. पण विचारायचं सोडलं नाही.

मागच्या वर्षी नाना गेले. मी मुलाला फोन केला. दौलताबादला स्मशानात तो सगळ्यांच्या मागं, रुमाल बांधून उभा होता. सरण पेटल्यावर पुढं आला, हात जोडले. परतताना मी विचारलं, आईला सांगून आलास का? त्यानं नकारार्थी मान हलवली.

"अम्मीनं त्यांना अजून माफ केलं नाही, साहेब. ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं."