कामास आला

इथे आखातात, मुसाफ्यातल्या एका कंपनीत मी टाइमकीपर आहे. सकाळी बसमधून माणसं उतरतात, मशीनवर बोट ठेवतात. सिमेंटनं झिजलेली बोटं मशीनला ओळखू येत नाहीत. मग कोणीतरी म्हणतं, "साहेब, माझी पंच लागत नाय, लिवून घ्या." त्याच्या नावापुढे मी माझ्या कच्च्या वहीत मराठीतच लिहितो, ‘कामास आला’. ऑफिसचं इंग्रजी नंतर.

मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलातल्या खोलीत मी एकटा राहतो. लग्नाचं जमलं नाही. आई लवकर गेली, अण्णा गावी एकटेच असत. रविवारी चारला मी त्यांना फोन करायचो. "कधी येतोस?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. "येईन, इन्शाल्ला," हे माझं ठरलेलं उत्तर. इतक्या वर्षांत त्यांनाही या शब्दाचा अर्थ कळला होता. ते म्हणायचे, "म्हणजे नाही."

आमच्या गावात दसऱ्याला शीव ओलांडायला जाताना एक रीत आहे. ज्या घरांतली माणसं पूर्वी सरहद्दीच्या गडावर लढताना पडली, ती घरं पुढे चालतात. आमचं घर सगळ्यांत मागे, कारण आमचा पूर्वज गड सोडून पळाला, असं गाव म्हणतं. अण्णा जन्मभर मागे चालले. ऐंशी उलटल्यावर एकदा म्हणाले, "तिथं बसून काय ते कागद बघता येत असतील तर बघ. पळाला असंल तर पळाला म्हणून सांग. खोटं नको."

मी ऑनलाइन वर्गात मोडी शिकलो. संध्याकाळी खोलीत दुसरं करायचं तरी काय? दफ्तरखान्यातून गडाच्या शिबंदीच्या हजेरीच्या प्रती मागवल्या. दीड वर्षानं पूर्वजाचं नाव लागलं तेव्हा मी खोलीत उठून उभा राहिलो आणि सांगायला कोणी नाही म्हणून परत बसलो. नावापुढे पानामागून पान ‘हजर’. मग एकदाच ‘कामास आला’. त्यापुढच्या पानांवर नावच नाही.

हे मला चांगलं ओळखीचं होतं. आदल्या दिवशी कामावर येतो, दुसऱ्या दिवशी गायब. आमच्याकडे त्याला ॲबस्कॉंड म्हणतात. असे कितीतरी मी स्वतः लिहिलेत.

रविवारी अण्णांना सांगितलं, "गाव म्हणतं ते खरं आहे."

ते म्हणाले, "असू दे. घरी तरी आला असंल. तू कधी येतोस?"

त्या दसऱ्यालाही ते मागेच चालले. थंडीत गेले. मी तिसऱ्या दिवशी पोचलो.

परत आल्यावर चाळा म्हणून त्याच पानातलं एका गावाचं नाव विचारायला मी ते पान मोडीच्या बाईंना पाठवलं. नाव त्यांनी सांगितलंच, वर विचारलं, "लढाईत पडलेले हे तुमच्या घरातले का?" मी म्हटलं, पडले कुठे, कामास आला लिहिलंय. बाई म्हणाल्या, "अहो, कामास आला म्हणजे कामी आला. जो हजर त्याच्यापुढे हजरच लिहितात की."

‘कामी आला’ मला शाळेपासून माहीत होतं. पण रोज तेच शब्द लिहिणाऱ्या माझ्या हाताला ते हजेरीचे वाटले. माझा मला इतका राग आला की दोन दिवस मी ती वही उघडली नाही. अण्णांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

रविवारी चारला मी सरपंचांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते मोकळेपणानं म्हणाले, "मग यंदा तुमचं घर पुढं. कोण चालणार?"

घरात आता मीच उरलोय.

"येईन, इन्शाल्ला," मी म्हणालो. पलीकडून ‘म्हणजे नाही’ असं कोणी म्हणालं नाही.