चाचींच्या माघारी कोण

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. तुळजापुरात आमच्या घरातले सगळे एक तर पूजेला बसणारे, नाही तर कचेरीत खुर्चीला चिकटलेले. मी एकटीच अशी निघाले की एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी दोन थांब्यांनंतर उठून दाराशी उभी राहते. गावोगाव फिरून बचत, पेन्शन, विमा विकायची नोकरी म्हणूनच मला मानवली असावी. 'विकणं म्हणू नका, सक्षमीकरण म्हणा,' असं आमचे साहेब सांगतात. ते स्वतः मात्र आठवडाभर एकच प्रश्न विचारतात, किती झाले?

गेल्या वर्षी वरून आदेश आला, अल्पसंख्याक वस्त्यांत पोचा. कुणा उंटावरच्या शहाण्यानं वयानुसार वाटण्याही करून दिल्या होत्या. पोरांना मोबाइलवरचं अ‍ॅप, बायकांना दरमहा बचत, म्हाताऱ्यांना वारसाची नोंद. सोबत हिरवागार बॅनर, त्यावर चंद्रकोर आणि खाली उर्दू. जळकोटच्या मोहल्ल्यात तो बांधला तेव्हा कॉलेजातली पोरं जमली आणि वाचून दाखवा म्हणून माझ्याच मागं लागली. "आमी जिल्हा परिषदेच्या शाळंतले, मॅडम. मराठीत आणायचा की!" मीही हसले, पण मनातून चरफडले. त्यांनी आमचं अ‍ॅप कधीच वापरून काढूनही टाकलं होतं.

खरं घोडं अडलं ते म्हाताऱ्या बायकांपाशी. शिबिर शादीखान्यात होतं, सहकुटुंब यावं असं आम्हीच कळवलेलं. मी माइकवरून एकेकीला पुढं बोलवायचे, खातं उघडायचे आणि विचारायचे, तुमच्या माघारी पैसे कुणाला द्यायचे? मागं मुलगे उभे. बायका मान वर न करता मुलाचं नाव सांगायच्या. काम भराभर उरकत होतं आणि मी खूश होते.

बांगडीवाल्या चाचींची पाळी आली तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा मागूनच ओरडला, "माझंच नाव घाला. अजून कोण हाय? फोन नंबरबी माझाच घ्या." सगळे हसले. चाची हसल्या नाहीत. "आज राहू द्या, बाई," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. मला राग आला. एवढ्या साध्या गोष्टीला विचार कसला करायचा! जाता जाता त्यांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. "बाजारादिवशी या. हात लई मोकळा दिसतो."

बाजारादिवशी गेले. रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान, पुढं चाची, आणि आतल्या अंगाला सव्वादोन, अडीच अशा मापांचे बांगड्यांचे जोड लावत बसलेली त्यांची थोरली सून. चाचींनी माझा हात ओढून घेतला, साबणाचं पाणी लावलं. "सैल सोडा." मला ते कुठं जमतंय! एक पाय हलतोय, पर्समध्ये फोन वाजतोय आणि उचलायला हात मोकळा नाही. बांगडी भरणारीच्या हातात हात गेला की माणूस अडकलाच. आणि तिथं पुरुष फिरकत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

चाची आवाज न चढवता बोलू लागल्या. थोरला मुलगा गेला त्याला चार वर्षं झाली. सून बारावी शिकलेली, हात हलका. पण विधवेच्या हातून बांगड्या भरायला गिऱ्हाईक तयार होत नाही, म्हणून तिला आत बसवलेली. दुकान उद्या धाकट्याकडंच जाणार. "मग हिनं काय करायचं? माझ्या माघारी खात्यातलं हिला मिळू दे."

"पण ती उद्या दुसरं लग्न करून गेली तर?" मी विचारलं. आमच्या घरात असले प्रश्न आधी सुचतात.

"करू दे की. निकाह केला म्हणून पोट सुटतं व्हय?"

मग मीच घाबरले. चाचींकडं स्वतःचा फोन नव्हता; नोंद केली की त्याचा मेसेज धाकट्याच्या फोनवर जाईल, घरात आग लागेल. शिवाय वारस म्हणून नाव घातलं की पैसे तिच्या हाती पडतात, पण घरातले बाकीचे त्यावर हक्क सांगायला येऊ शकतात, हेही मी त्यांना सांगितलं. साहेबांच्या प्रशिक्षणात हे वाक्य घाईघाईत संपवायला शिकवलं होतं.

"हातात तर पडंल ना? मग भांडू दे तिला. तोंड हाय तिला." आणि त्याच आठवड्यात चाचींनी बटणांचा एक फोन विकत घेतला. खातं झालं, नंबर त्यांचाच लागला. सुनेला त्यांनी काही सांगितलं नाही. मला मात्र चैन पडेना. धाकट्याला कळलं तर, हा एकच विचार. येडशीच्या शिबिरातही तोच, सोनारीच्या वाटेवरही तोच.

पुढच्या बाजाराला मी बांगड्यांच्या निमित्तानं परत गेले. गिऱ्हाईक बरंच होतं. धाकटा बाहेर टेम्पोतून खोकी उतरवत होता. चाची माझ्या हाताला पाणी लावतात तोच आतून सून धावत आली. हातात तो फोन. चाचींना वाचता येत नाही, म्हणून आलेले मेसेज तीच बघत असावी.

"अम्मा, चूक झालीय," ती म्हणाली. फोन तिनं माझ्यापुढं धरला. "माझं नाव पडलंय इथं. मॅडम, दुरुस्त करून घ्या ना, भाऊजींचं घाला. लोकं काय म्हणतील?"

धाकट्याच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. मला वाटलं, उठावं आणि मिळेल त्या गाडीनं पळावं. पण हात चाचींच्या हातात होता.

"चूक न्हाय," चाची म्हणाल्या. हळू नाही, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्या सांगितलं म्हणून पडलंय." त्यांनी मुलाकडं बघितलं. तो काहीतरी बोलणार होता, पण गिऱ्हाइकांकडं बघून त्यानं खोकं खाली ठेवलं आणि टेम्पोकडं वळला. हे प्रकरण घरी जाऊन संपणार नव्हतं, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

चाची जागेवरून सरकल्या. "बस हितं," त्या सुनेला म्हणाल्या आणि माझा हात तिच्या हातात दिला. शेजारी बसलेल्या गिऱ्हाईक बाईनं आपला हात मागं घेतला. सुनेनं माझी बोटं जुळवली, अंगठा आत दाबला. मला अजून हात सैल सोडता येत नव्हता. पहिलीच बांगडी मनगटाशी येऊन कडकन फुटली. ती एकदम उठायला लागली.

"फुटू दे," चाची म्हणाल्या. "दुसरी घे."