सुनेत्राबाईंची पदरची वाक्यं

दादरमधल्या एका मंगल कार्यालयात दिवे लागतात. प्रदर्शनाचा पहिला दिवस. डावीकडे आमसुलं नि कुळथाचं पीठ, उजवीकडे पैठणीचे बटवे, आणि मधोमध जांभळ्या टेबलक्लॉथमागे माइक धरून उभ्या सुनेत्राबाई. रंगभूमीवरून निवृत्त, वय पंच्याहत्तर, चेहरा मेकअप पुसून पुसून इस्त्री न केलेल्या साडीसारखा झालेला. हे वर्णन त्यांचंच.

स्टॉल भाचीचा. अनुजा घरी हर्बल क्रीम बनवते. बाईंनी माइक हट्टाने मागून घेतला होता. समोर माणसं हवी होती. ती नाटकाऐवजी क्रीम बघायला आली तरी चालणार होतं.

अनुजाची एकच अट होती. "आत्या, लव्हेंडरचं तेल अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे क्रीममधलं बदाम तेल लवकर खवट होत नाही. एवढंच बोलायचं. पदरचं एक वाक्य घातलंस, तर उद्यापासून माइक शेजारच्या स्टॉलवरच्या नूपुरकडे."

तासभर बाई दिलेल्या वाक्याला चिकटून राहिल्या. उभ्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे त्यांना स्वतःचा जरा संशयच आला. मग गर्दी जमली आणि एकीने विचारलं, "तुम्ही स्वतः लावता का हो?"

झालं! बाईंच्या अंगात नायिका संचारली.

"रोज! ओळखा बरं माझं वय?"

"सत्तर?"

"नव्वद!"

"अगं बाई!" गर्दी म्हणाली. बाईंनी मान किंचित कलती केली. अशा जागी त्या टाळीसाठी थांबत.

टाळीऐवजी मागून आवाज आला, "सुने, मेले, गिरगावच्या शाळेत आपण एका बाकावर होतो! मग मी पण नव्वदीची का?"

बालमैत्रीण नलू. हशा पिकला. अनुजाने माइकसाठी हात पुढे केला. बाईंनी तो सोडला नाही.

"पंच्याहत्तर," त्या म्हणाल्या. "हा चेहरा पुरावा म्हणून धरू नका, त्याच्यापुढे सगळ्यांनी हात टेकलेत. लव्हेंडर तेलं टिकवतं, नट्या नाही. डबी उघडा, वास घ्या, पटलं तर न्या."

प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाने वास घेतला आणि दोन डब्या नेल्या. नलूने एक फुकट मागितली, मिळवलीही.

अनुजाने पैसे मोजून गल्ल्यात टाकले. मग म्हणाली, "उद्या वेळेवर ये. पण पदरचं काही नाही."

"नाही गं," सुनेत्राबाई म्हणाल्या. "टाळी आली तर मात्र क्षणभर थांबेन."